मारेमच्या वेण्यांतली वाळू

म्बूर, ६ फेब्रुवारी २०००

मारेमच्या बाबांना,

इथे सगळं ठीक आहे, असं आधी लिहायची रीत म्हणून लिहिलं. आता खरं सांगते.

फोनवर हे बोलण्यासारखं नाही. टेलिसेंटरवाल्याचे कान लांब आहेत. मी फोन ठेवायच्या आत माझं बोलणं मासळीच्या धक्क्यावर पोचलेलं असतं. म्हणून हे पत्र. एकटे असाल तेव्हा वाचा. लिब्रव्हिलमध्ये तुम्ही एकटेच असता असं तुम्हीच म्हणता, तेव्हा अडचण नसावी.

फिलोमेनबद्दल लिहायचंय. तिच्याशी लग्न केलंत, आणि तिच्या हातावरची मेंदी उतरायच्या आत गाबोनला निघून गेलात. तिला माझ्या अंगणात ठेवून गेलात, पाहुण्याने विसरलेली छत्री राहते तशी. मी काही बोलले नाही. सवत मातीची असली तरी खुपते म्हणतात, ही तर चांगली हाडामांसाची, खांद्यांनी माझ्या दीडपट. तरी मी तिला भाताचं ताट कधी उणं वाढलं नाही. विचारा कुणालाही.

पण आता गोष्ट माझ्या लेकीवर आली आहे.

गेल्या आठवड्यात मारेमच्या वेण्या सोडायला घेतल्या तर माझ्या मांडीवर वाळूचा ढीग. "कुठे लोळत होतीस ग?" तर म्हणे, "प-पडले." परवा पुन्हा वाळू. पुन्हा "पडले." माणूस पडलं तर गुडघा फुटतो. केसांच्या मुळापर्यंत वाळू कशी जाते?

पोरीचं तुम्हाला माहीत आहेच. नाही, माहीत नाही. तुम्ही गेल्यापासून तिचं अडखळणं दुप्पट झालंय. वर्गात वाचायला उभी राहिली की गुरुजी तिला बसवतात, वेळ जातो म्हणून. नळावर पोरी तिची बादली लवंडतात. कुणाच्या पोरी ते विचारू नका. म्हणून मी तिला नळावर पाठवणंच बंद केलं. पाणी मी भरते, दुकानात मी जाते, कुणी काही विचारलं तर तिच्या वतीने उत्तरही मीच देते. अकरा वर्षांच्या लेकराला आणखी किती जपायचं?

आणि आता ही फिलोमेन रोज दुपारी म्हणते, "ताई, मारेमला नेते हं, कालवं आणायला." रिकामी टोपली घेऊन जातात आणि मूठभर कालवं घेऊन येतात. समुद्र आपल्या घरापासून हाकेवर. उन्हं उतरेपर्यंत दोघी करतात काय?

शेजारची सोफी म्हणते, "रोखाया, सांभाळ. दक्षिणेच्या जंगलातल्या बायका त्या. स्वतःची कूस उजवली नाही की दुसऱ्याचं पोर ओढून घेतात." मी सोफीला गप्प केलं. पण तिचं बोलणं काही गप्प बसत नाही.

तुम्ही फिलोमेनला काही सांगून ठेवलंय का? सरळ लिहा.

रोखाया


म्बूर, १२ मार्च

मारेमच्या बाबांना,

तुमचं उत्तर पोचलं. पोस्टाच्या तिकिटावरही मावलं असतं. "रोखाया, साप म्हणून भुई धोपटू नकोस." बरं. आता ही भुई कशी आहे ते ऐका.

मारेमच्या दंडावर बोटांचे वळ आहेत. दोन्ही दंडांवर. कुणीतरी घट्ट धरून ओढल्यासारखे. विचारलं तर बाही खाली ओढते.

दुसरं. पोरगी पुटपुटते. भांडी घासताना, अंथरुणात, शेळीला चारा टाकताना. मी कान देऊन ऐकलं. आपल्या भाषेतलं नाही ते. फिलोमेनच्या भाषेतलं आहे. आणि नवल म्हणजे ते पुटपुटताना ती एकदाही अडखळत नाही. आपल्या भाषेत धड "आई" म्हणता येत नाही, आणि त्या भाषेत झऱ्यासारखी वाहते. ह्याला तुम्ही काय म्हणाल?

फिलोमेनच्या खोलीत मी गेले नव्हते. दार उघडं होतं, कोंबडी आत शिरली, कोंबडीमागे मी. गादीखाली कापडाचे दोन पट्टे होते, पीळ घातलेले, घट्ट. एक मोठ्या कमरेचा आणि एक लहान कमरेचा. त्यांच्या घड्यांत वाळू. कोंबडी गादीखाली कशाला गेली असेल, असं तुम्ही विचाराल. जाते कधीकधी.

मी मंत्रतंत्र करणाऱ्या सेरीन्यांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की घरातल्या कुणीतरी मुलीला बांधून घेतलंय. बाटलीभर मंतरलेलं पाणी दिलं, तिच्या उंबऱ्यावर ओत म्हणाले. ओतलं. सकाळी फिलोमेन बाहेर आली, तिचा पाय सरकला, चांगली कुशीवर आदळली. आणि आदळताच गोल फिरून उभी राहिली. मांजर उभं राहतं तशी! वर हसत विचारते, "ताई, उंबऱ्यात पाणी कुणी सांडलं?"

साधी बाई अशी पडत नाही, मारेमचे बाबा. साधी बाई कंबर धरून आईच्या नावाने ओरडते.

त्याच दुपारी मी मारेमला बजावलं, "आजपासून तिच्याबरोबर जायचं नाही."

मारेम म्हणाली, "ना-नाही."

"नाही म्हणजे? जाणार नाहीस ना?"

"नाही म्हणजे जा-जाणार."

ह्या पोरीने जन्मात मला नाही म्हटलेलं नाही. मी हात उचलला. तिने काय केलं माहीत आहे? रडली नाही, लपली नाही. पाय थोडे फाकवले, गुडघे जरासे वाकवले आणि माझ्याकडे बघत राहिली. माझा हात तसाच खाली आला. ती माझी लेक नव्हती. म्हणजे होती. पण तिच्यात कुणीतरी दुसरं उभं होतं.

कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्हाला तिथून दिसत नाही, किंवा दिसतं आणि तुम्ही सांगत नाही.

रोखाया


म्बूर, ९ एप्रिल

मारेमच्या बाबांना,

आज प्रस्तावना नाही. फिलोमेनला तिच्या माहेरी पाठवा. नाही पाठवलीत तर मी मारेमला घेऊन रुफिस्कला माझ्या आईकडे जाते.

काल त्यांच्या मागोमाग गेले. माशांना धुरी द्यायच्या भट्ट्या ओलांडून त्या पार पलीकडे गेल्या, मोडक्या होड्या टाकतात तिथे. मी एका होडीआड उभी राहिले. दोघींनी ते पट्टे कमरेला बांधले. फिलोमेनने लुगडं वर खोचलं, माझ्या लेकीला दंडांना धरलं, आणि उचलून वाळूत आपटलं.

पोर उठली. तिने पुन्हा धरून आपटलं. पोर पुन्हा उठली. तिसऱ्यांदा मी होडीआड नव्हते. मी फिलोमेनच्या केसांना धरलं होतं.

"चेटकिणी! माझ्या लेकराची हाडं मोडतेस?"

भट्टीवरच्या बायका धावत आल्या. फिलोमेनला मनात आणलं असतं तर तिने मला एका हाताने समुद्रात भिरकावलं असतं. पण तिने हात खाली सोडले आणि केस ओढू दिले. मध्ये घुसली ती मारेम.

"आ-आई, सोड! ती मला मा-मारत नाही. ती मला पा-पाडते!"

भोवतालच्या बायका हसल्या. मला काही हसू आलं नाही. "मारणं काय नि पाडणं काय, एकच!"

"एक ना-नाही," मारेम म्हणाली. बायका ऐकत होत्या, तरी पोरगी थांबली नाही. "मारलं की सं-संपतं. पाडलं की उ-उठायचं असतं."

फिलोमेन केस सावरत म्हणाली, "ताई, आमच्याकडे मुली कुस्ती खेळतात. लहानपणापासून. मी खेळले, माझी आई खेळली. भात कापून झाला की गावोगावच्या मुलींच्या जोड्या लागतात. ह्यात काही चेटूक नाही."

"मग चोरून कशाला?"

"उघड विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

मी मारेमच्या अंगावरची वाळू झटकायला लागले.

"नळावर तिला रोज पाडत होत्या," ती पुढे म्हणाली. "तुम्ही नळच बंद केला तिचा. मी म्हटलं, वाळूत पडायला शिकली तर दगडावर भीती वाटणार नाही."

बघा कशी बोलते. माझ्याच लेकीबद्दल मलाच शिकवते. तिला मूल नाही म्हणून ती माझ्या मुलीला आपल्यासारखी घडवते आहे. आज कुस्ती, उद्या भाषा, परवा "मला छोट्या आईकडेच राहायचंय." मी ओळखून आहे.

तिला न्यायला तिच्या भावाला कळवा. मी वाट बघते.

रोखाया


म्बूर, १४ मे

मारेमच्या बाबांना,

तुमचं पत्र आलं. "ठीक आहे. तिच्या भावाला निरोप धाडला. पावसाआधी येऊन घेऊन जाईल."

मी आनंद मानायला हवा होता. पण मी ते पत्र हातात घेऊन बसून राहिले. छपराचा पत्रा बदला म्हणून मी दोन पावसाळे सांगत होते, तुम्ही बदलला नाहीत. आणि एक आख्खी बायको इतक्या झटक्यात बदललीत?

त्यातच तुमचा चुलतभाऊ मोदू लिब्रव्हिलहून आला. तुमचा फोटो आणला. अंगावर बाळसं दिसतंय. झग्याला कडक खळ, बाह्यांना सुरीसारखी इस्त्री. तुम्ही इथे होतात तेव्हा इस्त्री कोणत्या बाजूने तापते तेही तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मी मोदूला चहा देता देता सहज विचारलं, "तिकडे जेवणाचं कसं करतात रे ते?"

मोदू म्हणाला, "वहिनी, गाबोनमधले रस्ते काय सुरेख आहेत!"

मी म्हटलं, "मी रस्ते नाही विचारले."

त्याने चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठला. नमाजाला अजून बराच अवकाश होता.

इकडे फिलोमेन निमूटपणे आपली गाठोडी बांधते आहे. रडली नाही, भांडली नाही. ह्याचाही मला संशय येतो. माझ्याकडे तिने एकच मागितलं. म्हणाली, "ताई, आमच्या दक्षिणेच्या लोकांच्या मंडळाने मुलांच्या कुस्त्या ठेवल्यात, भरदुपारी, शाळेमागच्या मैदानात. मुलींच्याही आहेत. मी जायच्या आधी मारेमला एकदा उतरू द्या. तुम्ही समोर बसा."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते खरं सांगू का? मला वाटलं, चारचौघांत आपटेल, लोक हसतील, घरी येऊन माझ्या कुशीत तोंड लपवेल आणि हे खूळ कायमचं जाईल. पूर्वी जशी यायची तशी येईल माझ्याकडे.

रोखाया


म्बूर, ११ जून

मारेमच्या बाबांना,

हे पत्र लांब होईल. बसून वाचा.

मैदानात ढोल होते, शेंगदाणे विकणाऱ्या बायका होत्या, निम्मी वस्ती लोटली होती. मी आणि सोफी पुढे चटईवर बसलो. मारेम पट्टा बांधून रिंगणात आली. किती लहान दिसत होती! पंचाने विचारलं, "हिच्याशी कोण?" घटकाभर कुणी नाही. मग आमच्याच चटईवरून तिच्या अडखळण्याची नक्कल करत आवाज आला, "मी! म-म-मारेमशी मी!" लोक खदखदून हसले.

न्देला उठली होती. सोफीची लेक न्देला.

मी तुम्हाला आजवर लिहिलं नव्हतं की बादल्या कोण लवंडायचं. न्देलाच. सोफी शेजारीण, अडीनडीला धावून येणारी, म्हणून मी पोरींचं भांडण पोरींत राहू दिलं. आणि मी ज्या सोफीचं ऐकून फिलोमेनवर पाळत ठेवत होते, तिच्या पोरीवर कुणी पाळत ठेवायची, हे मला कधी सुचलंच नाही.

मी उठणार होते. माझ्या दंडावर हात पडला. फिलोमेन मागे बसली होती. "ताई, थांबा. तिने तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

खरंच नव्हतं बघितलं.

कुस्तीआधी पैलवान आपली बढाई गातो, ते तर आपल्याकडेही आहे. न्देलाने हात हलवून काहीतरी गडबडीत उरकलं. मग मारेम रिंगणाभोवती फिरत गायला लागली. तेच ते पुटपुटणं! आता मोठ्याने, ढोलाच्या ठेक्यावर, एकही शब्द न अडकता. दक्षिणेचे लोक टाळ्या पिटायला लागले.

मी फिलोमेनला विचारलं, "काय म्हणते ती?"

"म्हणते, मी मारेम, रोखायाची लेक. मी समुद्राची भरती. मागे सरले तर समजा, आता येते."

"हे तू शिकवलंस?"

"सूर माझा. शब्द तिने मला आपल्या भाषेत सांगितले, मी माझ्या भाषेत करून दिले. गाताना जीभ अडत नाही, ताई. माझा धाकटा भाऊ असाच होता."

मला खूश करायला माझं नाव फिलोमेननेच त्यात घातलं असेल, असं तेव्हा मनात आलं. माझं मन असं आहे, काय करू?

आता कुस्ती. न्देला हाडापेराने मोठी. दोघींची डोकी भिडली, हात दंडांवर गेले. मारेमने तिला बराच वेळ थोपवलं. एकदा तर मानेत हात घालून अशी खेचली की सोफीची किंकाळी निघाली. मग न्देलाने पायात पाय घातला आणि माझी लेक पाठीवर पडली. चांगला धप्पकन आवाज झाला. सोफी उठून नाचायला लागली.

मी ओढणी पसरून तयार होते. आता येईल रडत.

मारेम उठली. पाठ झटकली. न्देलाला हात दिला. मग पंचाकडे गेली आणि म्हणाली, "पु-पुन्हा कुणाशी लावता?"

मारेमचे बाबा, ती पुन्हा उतरली. दक्षिणेकडच्याच एका मुलीशी. आणि पुन्हा हरली. दोनदा आपटून अंगभर वाळूने माखलेली ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आ-आई, भूक लागली. भजी घे ना."

मी भजी घेतली. तिने पाच-सहा तरी खाल्ली आणि तोंडात घास असतानाच फिलोमेनला विचारत होती की पायात पाय आला की तोल कुठे टाकायचा. माझ्या ओढणीची तिला आठवणही झाली नाही. ती मी गुपचूप घडी करून ठेवली. मला बरं वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. वाईट वाटलं असं लिहिलं तरीही खोटंच.

दुसऱ्या सकाळी तिने बादली उचलली. मी म्हटलं, "ठेव, मी जाते." ती तोवर दाराबाहेर. मी मागोमाग गेले, भिंतीआड उभी राहिले. हो, पुन्हा आडूनच. सवय आहे ती. रांगेत न्देला होती.

"ए म-म-मारेम, पाठ शेकलीस का?"

सगळ्या पोरी मारेमकडे बघायला लागल्या. मारेमने उत्तराला आपला वेळ घेतला. घाई केली नाही.

"शे-शेकली. तुझी मान कशी आहे? मी ध-धरलेली?"

पोरी हसल्या. न्देलाचा हात आपोआप मानेकडे गेला, म्हणून आणखी हसल्या. शेवटी न्देलालाही हसू आवरेना. बादली काठोकाठ भरून घरी आली. वाटेत सांडलं ते तिचं तिने सांडलं.

त्याच आठवड्यात फिलोमेनचा भाऊ तिला न्यायला आला. मी त्याला मासळी-भात वाढला, वरून बिस्सापचं सरबत दिलं, आणि म्हटलं, "भाऊ, जेवून झोपा, आणि उद्या सुखरूप परत जा. तुमची बहीण इथेच राहील."

फिलोमेन दारात गाठोड्यांवर बसली होती. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. "ताई, आता ह्यात तुमचा काय डाव आहे?"

"डाव तुला येतात, मला नाही," मी म्हटलं. "मारेमचा पायात पाय अजून चुकतो. तो बरोबर करून दे. आणि एक ध्यानात ठेव. दंडावर वळ उठले तर मला विचारायचा हक्क आहे, उत्तर द्यावं लागेल."

"देईन," ती म्हणाली. मग गाठोड्याची गाठ सोडत म्हणाली, "ताई, आता कुस्त्या सगळ्यांदेखत खेळू. पोरगी होडीआड खेळते ते मलाही बरं वाटत नव्हतं."

मग तिचा भाऊ झोपल्यावर आम्ही दोघी चहा घेत बसलो. एकमेकींवर पूर्ण विश्वास अजून नाही. तो एका चहात येत नाही. पण बोलता बोलता तुमचा विषय निघाला. मला तुम्ही मागाहून कळवलंत, "फिलोमेन स्वतःच कंटाळली आहे, जाऊ दे." तिला कळवलंत, "रोखायाला तू नको आहेस, माझा नाइलाज आहे." तिने मला सांगितलं, मी तिला सांगितलं. मग आम्ही तुमचा तो फोटो मध्ये ठेवला आणि दोघींनी मिळून इस्त्री बघितली.

फिलोमेन म्हणाली, "ही बाईची इस्त्री आहे, ताई. पुरुष बाहीच्या आतून इस्त्री फिरवत नाही."

मी आता काही विचारत नाही. मी विचारलं की तुम्ही रस्त्यांबद्दल सांगाल. पण मारेम कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती, हे आम्हाला उशिरा कळलं. तिने स्वतःच ठरवलं. मी समजावलं, ओरडले, तुझ्या वतीने मीच विचारते म्हटलं. ती म्हणाली, "ना-नाही. माझे बाबा आहेत. मी वि-विचारणार."

म्हणून हे पत्र. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर तुमच्या घरमालकाच्या दुकानात फोन वाजेल. टेलिसेंटरवाल्याला ऐकायचं ते ऐकू दे. मी बाहेर बाकावर असेन, फिलोमेन माझ्याशेजारी. आत मारेम एकटी असेल. तिला एकच गोष्ट विचारायची आहे: तुमच्या बाह्यांना इस्त्री कोण करतं.

ती अडखळेल. तुम्ही मधे बोलू नका. तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. फोनवर नुसता श्वास ऐकू आला तरी ठेवून देऊ नका. ती बोलून होईपर्यंत थांबा, आणि मग खरं काय ते तिला सांगा.

रोखाया